मावेल असे बसवावे

तीन मार्चला धामणटेक नगरपालिकेच्या संकेतस्थळावर फोटोंची नवी चौकट सुरू झाली आणि दुपारी चारपर्यंत गावातल्या नऊ ज्येष्ठ नागरिकांची उंची साधारण सात-सात इंचांनी कमी झाली.

दुसऱ्या दिवशी पालिकेनं पत्रक काढलं. ज्येष्ठांमधलं काहीही गहाळ झालेलं नाही, ते सर्व अवयवांसह पूर्ण आहेत, फक्त उपलब्ध जागा समान वाटली गेली आहे, तरी नागरिकांनी घाबरू नये, असा मजकूर होता. पत्रक संगणक विभागाच्या ढवळेसाहेबांनी लिहिलं. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शुभदानं काढल्या. चौकटही शुभदानंच केली होती.

शुभदा नलावडे विभागात कंत्राटावर होती. वय तेवीस, विज्ञानाची पदवी, आणि स्वभाव असा की कुकरच्या पहिल्या दोन शिट्या मोजून ती तिसरीची वाट बघत बसायची आणि तिसरी झाली की दचकायची. शेजारच्या टेबलावरचा इरफान मुजावर उठण्याआधी "नलावडे मॅडम, उठतोय हं मी, भूकंप नाही," असं सांगून मग खुर्ची मागे सरकवायचा. तरी ती दचकायचीच.

ढवळेसाहेब मूळचे पाणीपुरवठ्याचे. त्यांनी तिला समोर बसवून समजावलं, "हे बघ, टाकी तेवढीच आणि नळ वाढले, की धार बारीक होणार. यात तुझी चूक नाही. माझी तर नाहीच नाही."

चौकटीचं काम असं होतं. ती एकदाच करायची आणि पालिकेच्या एकतीस पानांवर तीच लावायची. साचा एक आणि गणपती शंभर. पान जेवढी रुंदी देईल तेवढी चौकटीनं घ्यायची आणि ओळीत जितके फोटो असतील तितक्यांनी ती सारखी वाटून घ्यायची. पानाची रुंदी होती पडद्यावरचे बाराशे ऐंशी ठिपके. जागेपेक्षा फोटो मोठा निघाला तर काय करायचं, याचे तीन पर्याय होते. ताणून बसवावे, मग उंची राहते पण माणूस चेपतो. भरून बसवावे, मग दोन्ही बाजूंच्या कडा कापल्या जातात. आणि मावेल असे बसवावे. मग सगळाच्या सगळा फोटो, कुठेही न कापता, प्रमाणात लहान होतो.

शुभदानं तिसरा पर्याय निवडला, तो अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे तिचे वडील, दत्ताराम नलावडे. बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. चौतीस वर्षं त्यांनी गावाची लग्नं, बारशी आणि ओळखपत्रं काढली, मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि त्यांनी कुलूप लावून किल्ली देवघरात ठेवली. त्यांचा एक नियम शुभदा लहानपणापासून ऐकत आली होती. "माणूस कापायचा नाही. दोन्ही कान दिसले पाहिजेत. आणि डोक्यावर दोन बोटं आभाळ सोडायचं. माणसाला वर जागा लागते."

लेकीनं केलेल्या पानावर पहिला फोटो आपलाच लागावा, असा अण्णांचा हट्ट होता. कॅमेरा तिकाटण्यावर लावून, धावत जाऊन स्टुलावर बसून, स्वतःच काढलेला फोटो त्यांनी दिला. शुभदानं त्याच फोटोवर चौकट घडवली. फोटो एक असल्यामुळे, ओळ भरली की खाली दुसरी ओळ सुरू करावी, अशी खूण करायचं तिला सुचलं नाही. भरायला ओळ होतीच कुठे? आणखी एक रिकामी जागा होती: काही कारणानं फोटो दिसू शकला नाही तर त्याच्या जागी कोणता मजकूर दिसावा. ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. बाहेर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवला, ती दचकली आणि तिनं घाईनं टाइप केलं: "नमुना फोटो. नंतर बदलणे."

पुढच्या सगळ्या नोंदी या पहिल्या नोंदीच्या नकला होत्या.

आठ माणसांपर्यंत काही बिघडलं नसतं. आठ जणांच्या वाट्याला येणाऱ्या जागेत माणूस आपल्या उंचीनं उभा राहू शकतो, असा हिशेब नंतर इरफाननं मांडून दाखवला. चौकट सुरू झाली तेव्हा नोंदी नऊ होत्या.

इतर पानांवर परिणाम वेगवेगळा झाला. नगरसेवक सतरा, ते टेबलाच्या उंचीचे झाले आणि त्यांची सभा बालवाडीच्या खुर्च्यांवर भरू लागली. हरवलेल्या जनावरांच्या पानावर एकच शेळी होती. ती त्याच संध्याकाळी सापडली, कारण ती चार गावांतून दिसत होती. आणि नगराध्यक्षांच्या पानावर अर्थातच एकच फोटो होता.

अण्णांनी सात इंचांचं फार मनावर घेतलं नाही. आईनं पँटी आखूड करून दिल्या. पण ज्येष्ठांची नोंद सक्तीची होती आणि मुदत एकतीस मेची. ज्यांची नोंद नाही ते हयात नाहीत असं धरलं जाई, आणि पालिकेचा माणूस त्यांच्या घरी शोकपत्र पोचवून, पोचपावतीवर सही घेऊन जाई. त्यामुळे माणसं येत राहिली. सोळावी नोंद झाली त्या दिवशी अण्णांची उंची निम्मी झाली आणि त्यांचा हात दिव्याच्या बटणापर्यंत पोचेना.

"अहो, मला हाक मारायची," आई म्हणाली.

"बटणासाठी बायकोला हाक मारू?"

"इतकी वर्षं चहासाठी मारलीत, तेव्हा नाही लाज वाटली ती."

शुभदा हसली नाही. तिला तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता आणि उठून गॅस बंद करायचं सुचत नव्हतं.

ऑफिसात तिनं विषय काढला. "साहेब, ओळ मोडू द्यायला हवी. एक खूण करायची आहे फक्त. मग एका ओळीत आठच जागा, फोटो कितीही असोत."

"एक खूण," ढवळेसाहेब म्हणाले, "पण पानं एकतीस. तू चौकट बदललीस की सगळीकडे बदलणार. म्हणजे धोरणात्मक बदल. ठराव लागेल, नगराध्यक्षांची सही लागेल. दुसरा काही पर्याय बघ ना. भरून बसवलं तर?"

"मग कडा कापल्या जातील."

"कडांना काय असतं?"

"हात असतात, साहेब."

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. "आणि ताणून?"

"उंची परत मिळेल. रुंदी अगरबत्तीएवढी."

"मग वाऱ्याचं बघावं लागेल," साहेब म्हणाले. त्यांनी कागदावर 'वारा' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि कागद फायलीत ठेवून दिला.

तोवर नोंदी वीस झाल्या होत्या. एकविसावी यायच्या आधी एका गुरुवारी पाटणकर मास्तर वारले. ते आधीच फूटपट्टीच्या दुपटीएवढे राहिले होते. त्यांना न्यायला दोन माणसं पुरली. नियमाप्रमाणे शुभदानं त्यांची नोंद काढून टाकली. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती.

"आज हे जरा उंच वाटतायत गं! सकाळी मोरीच्या कट्ट्याला डोकं लागत होतं, आता कट्ट्याच्या वर दिसतंय. मी शिरा केलाय."

शुभदानं टेप आणली. दीड इंच. अण्णा भिंतीला टाच लावून ताठ उभे राहिले होते, शाळेतल्या मुलासारखे.

"काय बदललंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पाटणकर मास्तर गेले."

अण्णांनी टाच भिंतीपासून काढली. शिऱ्याची वाटी आईनं पुढे केली, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि तशीच धरून बसले. मास्तरांचा लग्नातला फोटो त्यांनी काढला होता. कानटोपी काढायला मास्तर तयार नव्हते.

त्या दिवसापासून शुभदाला एक सवय लागली. ऑफिसला जाताना चौकातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फलकांखालून ती सायकल हळू चालवायची. आधी तिनं स्वतःला सांगितलं की ही विभागाची जबाबदारी आहे. गेलेल्यांच्या नोंदी वेळेवर निघायला हव्यात. मग एकदा फलकावर वाढदिवसाचा फोटो लागला होता, तो तिनं लांबून श्रद्धांजलीचा समजला, आणि जवळ गेल्यावर आपली निराशा झाली हे ओळखून ती सायकलवरून उतरली आणि ऑफिसपर्यंत चालत गेली. इरफाननं दुबार नोंदी शोधून काढल्या, तीन. तीन नळ बंद झाले, असं ढवळेसाहेब म्हणाले. पण एप्रिलमध्ये पालिकेनं 'घर तिथे नोंद' मोहीम काढली आणि दिवसाला पंधरा-वीस माणसं येऊ लागली.

अण्णा आता खिडकीत, फिल्मच्या रिकाम्या डबीवर बसत. वीतभर, मग चार बोटं. बोलायचं झालं तर आई कागदाचा कर्णा करून त्याचं टोक त्यांच्यापाशी धरी आणि रुंद तोंड कानाला लावी. एका संध्याकाळी शुभदा घरी आली तसा त्यांनी हात हलवून कर्णा मागितला.

"आज कुणी गेलं नाही ना?" त्यांचा आवाज दूरच्या रेडिओसारखा यायचा.

"नाही. का?"

"तुझा चेहरा पडलाय."

शुभदा कर्णा हातात धरून उभी राहिली. आई स्वयंपाकघरात ताटल्या लावत होती. एक ताटली वाजली आणि शुभदा दचकली, तशी कर्ण्याचा धक्का लागून डबी हलली आणि अण्णांनी खिडकीच्या गजाला मिठी मारली.

"असं करू नकोस, पोरी," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "माणूस कापायचा नाही."

ठराव मात्र लगेच झाला. सतरा नगरसेवक बालवाडीच्या खुर्च्यांवर उभे राहिले आणि त्यांनी एकमतानं ओळ मोडण्यास मंजुरी दिली. मजकूर बदलण्याचाही ठराव त्यातच घेतला गेला, कारण शुभदानं ढवळेसाहेबांना सगळं सांगितलं होतं: पानावर बाराशे ऐंशी ठिपके आहेत, बाराशे ऐंशी माणसं झाली की प्रत्येकाला एक ठिपका, त्यावर एक जरी माणूस आला तरी ठिपक्याहून लहान फोटो दाखवता येत नाही, आणि मग फोटोच्या जागी मजकूर दिसतो.

"कुठला मजकूर?" साहेबांनी विचारलं.

शुभदानं सांगितला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सही आण," ते म्हणाले.

नगराध्यक्षा विमलताई हिरेमठ नाट्यगृहात राहत होत्या. एक्केचाळीस फुटांच्या माणसाला धामणटेकमध्ये दुसरी जागा नव्हती. डोकं रंगमंचावर, पाय सातव्या रांगेत, अशा त्या एका कुशीवर आडव्या होत्या. अंगावर मांडवाची कनात होती. शुभदा दारातून आत आली आणि त्यांच्या श्वासानं पडदा हलला, तशी ती परत दाराबाहेर गेली. मग पुन्हा आत आली.

"ये गं," ताई कुजबुजल्या, तरी वरचे दिवे थरथरले. "घाबरू नको. मी हळूच बोलते. दत्ता फोटोग्राफरची ना तू? माझ्या पहिल्या निवडणुकीचा फोटो त्यांनीच काढला. म्हणाले, ताई, पदर सावरू नका, आहे तसाच राहू द्या. निवडून आले मी. कसे आहेत?"

"करंगळीएवढे," शुभदा म्हणाली, आणि तिला रडू आलं.

"रडू नको. माझ्याकडे बघ. सव्वा महिना झाला, नवरा माझ्याशी भांडलेला नाही. त्याला माझा कान सापडत नाही." ताईंनी डोळे मिटले. "आण तो कागद. ओळ मोडली की मी पण माणसात येते."

पेन त्यांच्या चिमटीत हरवलं. ढवळेसाहेबांनी आधीच चौकशी करून ठेवली होती, की सहीऐवजी अंगठा चालतो. शाईची परात आणली होती. विमलताईंनी अंगठा बुडवला आणि श्वास रोखून कागदावर टेकवला. कागद दिसेनासा झाला. उचलला तेव्हा तो अंगठ्यालाच चिकटून वर गेला. शुभदानं शिडीवर चढून तो सोडवला. ठरावाचा सगळा मजकूर शाईखाली गेला होता. अंगठ्यासाठी आखलेला चौकोन कुठे होता तेही कळत नव्हतं.

ढवळेसाहेबांनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला. त्यांना दुःख झालेलं दिसत होतं. "ठसा चौकोनाच्या आत, पूर्ण उमटला पाहिजे," ते म्हणाले. "हा पूर्ण आहे. आत नाही."

"चौकोन मोठा करू या, साहेब."

"चौकोन नमुन्यात ठरलेला आहे. नमुना बदलायचा तर ठराव. ठरावाला सही."

"नगराध्यक्षांच्या पानावर अजून एखादा फोटो लावला तर? आठ फोटो झाले की ताई—"

"नगराध्यक्ष एकच असतो, शुभदा. दुसरा फोटो लावला तर दुसरा नगराध्यक्ष होईल. आणि हा काढला तर एकही राहणार नाही. मग अंगठा कुणाचा घेणार?" त्यांनी शाईचा कागद वाळत घातला. "मी वर लिहितो. मी लिहिणार, असं समज की लिहिलंच."

त्यांनी खरंच लिहिलं. वरून उत्तर आलं, की विषय ठरावासह सादर करावा.

मेमध्ये ऊन तापलं आणि मुंग्या निघाल्या. आईनं अण्णांना पांढऱ्या बशीत ठेवलं, म्हणजे हरवायचे नाहीत, आणि बशीभोवती हळदीची रेघ ओढली. रोज सकाळी ती रेघ पुसून नवी काढायची. निगेटिव्ह दुरुस्त करायचं त्यांचं जुनं भिंग आई डोळ्याला लावी आणि सांगे: आज बसलेत, आज आडवे आहेत, आज काहीतरी म्हणतायत, बहुतेक चहा. चहाचा एक थेंब ती काडीच्या टोकानं बशीच्या कडेला ठेवी. कर्ण्यातून आता काहीच ऐकू येत नसे.

शुभदाला रोजचा आकडा माहीत होता. तो ती घरी सांगत नसे. फक्त एकदा आईनं विचारलं, "अजून किती लहान होणार?"

"आता फार नाही," शुभदा म्हणाली. ते खरं होतं.

एकतीस मेला दुपारी साडेचारला आकडा बाराशे ऐंशी झाला. अण्णा तांदळाच्या दाण्याएवढे होते. नोंदणीची खिडकी पाचला बंद होणार होती, आणि खिडकीवर शेवटच्या दिवशी शुभदाची पाळी होती. इरफान तिच्या मागे उभा होता. पावणेपाच वाजले. मग दहाच मिनिटं राहिली. व्हरांड्यात कुणी नव्हतं.

"नलावडे मॅडम," इरफान हळू म्हणाला, "खिडकीची कडी तशीही सैल आहे. आपोआप पडते कधी कधी."

शुभदानं कडीकडे पाहिलं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. ती दचकली नाही. ती अडीच महिने याच आवाजाची वाट बघत होती. एक म्हातारी वर आली, धाप लागलेली, पदरात काहीतरी घट्ट धरलेलं.

"हाय का गं चालू? टेकडीवरनं आले बाई, यष्टी चुकली. अनसूया ठोंबरे. घाल माजं नाव."

"आजी, तुम्ही..." शुभदानं कडीवरून नजर काढली. "तुम्हाला माहीत आहे ना, नोंद झाली की माणूस लहान होतो?"

"हुईना. मला कुठं झेंडा लावायचाय?" म्हातारीनं काठी भिंतीला टेकवली. "मुदत उलटायच्या आदीच, काल शोकपत्र आलं. तुमचा तो माणूस म्हणला, घरात कुणी मोठं हाय का सही कराया? म्हणलं, मीच हाय. मीच सही केली. रात्रभर डोळा लागला न्हाई. सून सकाळी माझ्याकडं बघंना. चूल न्हाई पेटवली घरात, सुतक म्हणून." तिनं पदराची गाठ सोडली. "फोटू आणलाय बघ. नलावड्यांच्या दुकानात काढल्याला. लई वर्सं झाली, पर बघ कसा आलाय."

फोटो कोपऱ्यात पिवळा पडला होता. दोन्ही कान दिसत होते. डोक्यावर दोन बोटं मोकळी जागा होती.

"हनुवटी खाली घ्या म्हणलं, श्वास सोडू नका म्हणलं," म्हातारी म्हणाली. "मी इतका धरला, इतका धरला, की त्येंनी फोटू काढला आन पैलं पाणी दिलं."

चार मिनिटं राहिली होती. शुभदा नुसती बसून राहिली असती तरी चार मिनिटं गेली असती. बशीभोवतीची हळदीची रेघ तिच्या डोळ्यांपुढे आली. मग चूल न पेटलेलं कुठलंतरी घर आलं. इरफान खिडकीबाहेर बघत होता, मुद्दाम.

तिनं फोटो यंत्रात घातला, नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय विचारलं.

"तू बघून लिही," म्हातारी म्हणाली.

शुभदानं पंच्याहत्तर लिहिलं आणि 'नोंद करा' दाबलं.

खिडकीपलीकडे भिंतीला टेकवलेली काठी होती. तिच्या शेजारी, म्हातारी उभी होती तिथं, साधारण तिच्या खांद्याच्या उंचीवर काळी, एकसारखी अक्षरं उभी होती. शुभदानं ती वाचली नाही. तिला पाठ होती. पोचपावती छापून आली. ती तिनं घडी करून खिडकीतून पुढे केली, क्षणभर धरून ठेवली आणि मग अक्षरांच्या खाली, कठड्यावर ठेवली. पाच वाजता तिनं खिडकी बंद केली.

"उठतोय हं मी," इरफान म्हणाला, पण उठला नाही.

ती सायकलवरून घरी निघाली तेव्हा बागेतल्या बाकांवर, देवळाच्या पायऱ्यांवर, वाचनालयाच्या ओट्यावर अक्षरांच्या ओळी बसलेल्या होत्या. एका दारात एक सून एका ओळीला पंख्यानं वारा घालत होती. माणसं वाट सोडून चालत होती, कुणाच्या अंगावरून जाऊ नये म्हणून. चौकातल्या फलकाखालून जाताना शुभदानं वर पाहिलं नाही.

आई बाहेरच्या खोलीत बसली होती. भिंग टेबलावर उपडं ठेवलेलं. बशी रिकामी होती, आणि अण्णांच्या जुन्या खुर्चीत, पाठीला टेकून, पूर्ण आकाराची अक्षरं होती. ती तीन महिन्यांत पहिल्यांदाच खुर्चीत बसल्यासारखी दिसत होती. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ती बोट न लावता, ओठ हलवत, एकेक शब्द वाचत होती.

"नमुना. फोटो. नंतर. बदलणे." ती थांबली. "हे तू लिहिलंयस?"

"हो."

"घाईत?"

"हो."

आईनं मान हलवली. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि शुभदाला ते रागापेक्षा जड गेलं. आई आत गेली, चहाचा पूर्ण कप घेऊन आली, बशीसकट, आणि खुर्चीच्या हातावर ठेवला.

"नंतर म्हणजे कधी गं?" तिनं विचारलं.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी. शुभदा दचकली नाही. ती उठली. खुर्ची भिंतीवरच्या फळीखाली होती आणि पहिल्या ओळीचं डोकं फळीला लागत होतं. तिनं खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि चहा सांडू न देता ती पुढे ओढली, वर दोन बोटं जागा सुटेपर्यंत.